बॅरेट अन्ननलिका

बॅरेट अन्ननलिका : अन्ननलिकेच्या खालच्या भागातील अस्तराचा विकार. येथील मूळ अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे, फिकट गुलाबी असते. जठरातील आम्ल व पित्त वर्षानुवर्षे वर चढत राहिल्यास त्याजागी स्तंभाकार पेशींचे, मखमली लालसर अस्तर येते. हा कर्करोग नव्हे. मात्र अन्ननलिकेच्या ग्रंथिकर्करोगाची (ग्रंथींसारख्या पेशींच्या कर्करोगाची) ही पूर्वावस्था आहे.

या अस्तराच्या उगमाविषयी बराच वाद झाला. लंडनचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये असे मत मांडले, की हा भाग अन्ननलिकेचा नसून, अन्ननलिका जन्मतः आखूड राहिल्याने छातीत ओढले गेलेले नळीसारखे जठरच आहे. १९५३ मध्ये ॲलिसन व जॉनस्टन यांनी ते खोडले : त्या भागावर उदरावरण नव्हते, स्नायू अन्ननलिकेचेच होते आणि अस्तराखाली अन्ननलिकेच्या खास श्लेष्मग्रंथी होत्या. १९५७ मध्ये बॅरेट यांनीही हे मान्य केले. म्हणजे ज्या विकाराला त्यांचे नाव मिळाले, त्याचे योग्य आकलन प्रथम इतरांचे होते. विकार जन्मजात की मागाहून झालेला, हा प्रश्न तरी उरलाच. १९७० मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, आम्ल चढत असताना खरवडलेल्या जागी स्तंभाकार अस्तर उगवले. तेव्हापासून दुसरा पक्ष बळकट आहे.

निदान दुर्बिणीने व ऊतक तपासणीने होते. जठराच्या वळ्यांच्या वरच्या टोकापासून बदल मोजतात. २००६ च्या प्राग निकषांनुसार ‘सी २ एम ५’ म्हणजे नळीला पूर्ण वेढणारा बदल २ सेंमी. व जिभेसारखा वर गेलेला सर्वांत लांब पट्टा ५ सेंमी. दर २ सेंमी.वर चारही बाजूंचे तुकडे घेतात. जठर छातीत सरकले असेल तर मोजमाप चुकू शकते. दाह असताना घेतलेल्या तुकड्यांत दुरुस्त होणाऱ्या पेशी कर्करोगपूर्व भासतात. म्हणून आधी काही आठवडे आम्लरोधक औषध देऊन दाह शमवणे श्रेयस्कर. निदानासाठी चषक पेशी (आतड्यात असतात तशा, पेल्याच्या आकाराच्या श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी) दिसल्याच पाहिजेत, असा अमेरिकी संकेत आहे. ब्रिटनमध्ये ती अट नाही.

कर्करोगाचा धोका पूर्वी दरवर्षी सुमारे ०.५ टक्का मानत. २०११ च्या डेन्मार्कमधील मोठ्या पाहणीत तो ०.१२ टक्का निघाला. पेशींत विकृती दिसल्यास तो बराच वाढतो. अशा वेळी दुर्बिणीतून उंचवटे काढून उरलेले अस्तर रेडिओलहरींनी जाळतात. नवे अस्तर आम्लाला कमी संवेदनशील असते. त्यामुळे छातीतली जळजळ आपोआप ओसरली, म्हणजे विकार बरा झाला, असे समजू नये.

वर चढणाऱ्या आम्लाने घशाचा कर्करोग होतो का, हा प्रश्न वेगळा. बोलीत ‘घसा’ म्हणताना स्वरयंत्र व ग्रसनीही (नाक-तोंडामागची पोकळी) येतात. तेथील कर्करोगाशी आम्लाचा संबंध काही पाहण्यांत आढळतो, पण तंबाखू व मद्य यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड असल्याने तो सिद्ध मानत नाहीत. भारतात अन्ननलिकेतही ग्रंथिकर्करोगापेक्षा चपट्या पेशींचा कर्करोगच अधिक आढळतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असल्यास, ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वेळ न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. घास अडकत असल्यास दुर्बिणीने अन्ननलिका.