चहाचा चोथा, कॉफीचा चोथा: कुंडीत कोणता चालतो?

चहा गाळला की गाळणीतला चोथा गुलाबाच्या कुंडीत, ही आपल्याकडची जुनी सवय. फिल्टर कॉफी करणारेही आता तेच करू लागलेत. (इन्स्टंटवाल्यांचा प्रश्नच नाही, त्यांच्याकडे चोथा उरतच नाही.) दोन्ही चोथे दिसायला सारखेच, पण मातीत त्यांची तऱ्हा निराळी.

चहात आपण दूध, साखर, आलं घालून उकळतो आणि त्याचा अंश चोथ्यात राहतो. तो तसाच टाकला की कुंडीत मुंग्या, चिलटं आणि आंबूस वास. म्हणून आधी दोन पाण्यांनी धुवायचा, मग वाळवायचा. एवढं केलं की मूठभर चोथा मातीत मिसळायला हरकत नाही. पत्तीचे तुकडे भरड असल्यानं माती मोकळी राहते. टी-बॅग मात्र फाडून फक्त पत्ती घ्यावी, बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिक असतं.

कॉफीचं डिकॉक्शन नुसत्या पाण्यात उतरतं, त्यामुळे चोथा स्वच्छ असतो आणि तिथेच माणूस फसतो. बारीक दळलेल्या कॉफीचा थर कुंडीत वाळला की त्याची पापडी धरते, घातलेलं पाणी आत मुरतच नाही. शिवाय चोथ्यात कॅफीन उरतं, ते कोवळ्या रोपांना सोसत नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा रोपांच्या मातीत ताजा चोथा मिसळला होता. सगळ्यांचीच वाढ खुंटली. वरून खत देऊनही फरक पडला नाही, म्हणजे उपासमारीपेक्षा चोथ्यातली द्रव्यंच बाधली असावीत. 'कॉफी आम्लधर्मी, म्हणून गुलाबाला चांगली' हेही फारसं खरं नाही. आम्ल बरंचसं कपात उतरतं.

नत्र मात्र त्यात आहे, साधारण दोन टक्के. तो हवा असेल तर चोथा कंपोस्टमध्ये घालावा. रंग तपकिरी म्हणून त्याला वाळक्या पाल्यात धरू नका, तो भाजीच्या देठांसारखा ओला कचराच. एक वाटी चोथ्याला चार वाट्या बाकीचा माल, त्यातही वाळका पाला जास्त. अधूनमधून खालीवर करत राहायचं. चहाचा चोथाही त्याच डब्यात गेला तर धुण्याचा खटाटोप वाचतो, पाल्याखाली गाडला म्हणजे झालं.