आधी छर्रा, मग गोळी

गोळ्यांची चाचणी घ्यायला वापरतात तो जिलेटिनचा ठोकळा बोटाने दाबला तरी दबतो. तरीही पिस्तुलाची पोकळ टोकाची गोळी त्यात शिरली की पहिल्या काही सेंटिमीटरांतच तिचं तोंड फाकतं, तांब्याच्या आवरणाच्या पाकळ्या मागे वळतात आणि ९ मिलिमीटरची गोळी १४ मिलिमीटरची होऊन थांबते. इतका मऊ पदार्थ धातूला वाकवतो कसा?

वेगामुळे. गोळीच्या टोकावर येणारा दाब म्हणजे समोरच्या पदार्थाची निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग. १० टक्के जिलेटिन म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे पाण्याची घनता धरून चालतं. सेकंदाला ३५० मीटर वेग असेल तर हा दाब ६१ मेगापास्कल भरतो, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६०० पट. गोळीतलं मऊ शिसं याहून बऱ्याच कमी दाबालाही आकार सोडतं. खळग्यात घुसलेलं जिलेटिन आतून रेटतं आणि भिंती बाहेर उलगडतात. वेग निम्मा झाला की दाब एक चतुर्थांशावर येतो. म्हणून गोळीला जे उमलायचं ते ती सुरुवातीलाच उमलते, पुढचा प्रवास नुसता वेग घालवण्याचा.

उमलण्याची किंमत खोलीने चुकवावी लागते. व्यास दीडपट झाला की समोरचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या, पण अनेक पोलीस दलं मात्र त्याच वापरतात. गोळी आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या माणसाला लागण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

किती खोली पुरेशी, हा प्रश्न ऐरणीवर आला तो ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत. एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यातल्या चकमकीत एका दरोडेखोराला ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम जीवघेणी होती, तरी तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्याआधीच्या काळात अमेरिकेत गोळ्यांची तुलना मुख्यतः त्या पदार्थात क्षणभर केवढी पोकळी फुगवतात यावरून होत असे, आणि त्यात हलक्या, वेगवान, उथळ जाणाऱ्या गोळ्यांना झुकतं माप मिळे. चकमकीनंतर एफबीआयने निकष बदलला: १० टक्के जिलेटिनमध्ये किमान १२ इंच, फार तर १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. माणसाची छाती एवढी जाड नसते, हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. पण गोळी समोरूनच लागेल असं कुठे आहे? आधी दंड आडवा येतो, कधी ती तिरकी शिरते.

१० टक्क्यांचं हे मिश्रण अमेरिकन लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांच्या कामातून आलं. त्यांनी डुकराच्या मांडीच्या स्नायूंशी ताडून पाहिलं तेव्हा ४ अंश सेल्सियसला ठेवलेल्या या जिलेटिनमधली खोली जुळली. पण ठोकळा म्हणजे शरीर नव्हे. त्यात हाडं नाहीत, फुप्फुसं नाहीत, कातडी नाही. ती एक मोजपट्टी आहे, आणि मोजपट्टी आधी तपासावी लागते. त्यासाठी ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने ठोकळ्यात मारतात. तो साडेआठ सेंटिमीटर गेला पाहिजे, एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे. जास्त गेला तर जिलेटिन सैल आहे. पूड कमी पडली, शिजवताना जास्त तापवली किंवा ठोकळा उन्हात राहिला. हौशी परीक्षणात सर्वाधिक वगळली जाणारी पायरी हीच, आणि माझ्या मते छर्रा न मारता काढलेल्या आकड्यांची तुलना दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी करण्यात अर्थ नाही.

पारदर्शक कृत्रिम जेलने हौशी मंडळींची मोठी सोय केली. ते खनिज तेलापासून बनतं, फ्रीज लागत नाही, वितळवून पुन्हा ओतता येतं आणि चित्रीकरणात सुरेख दिसतं. पण त्यात पाणीच नाही आणि ते फाटतंही वेगळ्या तऱ्हेने, त्यामुळे तिथली खोली एफबीआयच्या पट्टीवर जशीच्या तशी ठेवता येत नाही. दोन गोळ्या शेजारी शेजारी झाडून बघायला ते चालतं. पाण्याने भरलेले कॅनही चालतात. मात्र पाण्यात गोळी बरीच पुढे जाते, कारण वेग मंदावल्यावर जिलेटिनचा चिवटपणा तिला अडवतो, पाण्यात तो नसतो.

संथगतीच्या चित्रफितीत फुगून बसणारी ती पोकळी मात्र जपून बघावी. पिस्तुलाच्या वेगाला बहुतेक लवचीक ऊती ताणल्या जाऊन परत जागेवर येतात. टिकतो तो गोळीने चिरडलेला मार्ग.

कसोटीचा खरा कस लागतो तो कापडाने. ठोकळ्यापुढे डेनिमचे चार थर लावले की कापडाचा बोळा खळग्यात बसतो, आतून रेटायला काही शिरत नाही आणि महागडी गोळी साध्या गोल टोकाच्या गोळीसारखी खोल निघून जाते. आखूड नळीच्या पिस्तुलात वेग आधीच कमी, तिथे हे जास्त घडतं. म्हणून प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफने टिपायचा, ती बाहेर काढून व्यास आणि उरलेलं वजन लिहायचं. एफबीआय ठोकळ्यापुढे ठेवलेल्या कापडासारख्या प्रत्येक अडथळ्यासाठी पाच गोळ्या झाडते. पाचांतल्या चार ३५ सेंटिमीटरवर थांबल्या आणि पाचवी न उमलता ठोकळ्यापार गेली, तर सरासरी काढून भागत नाही. पाचवीचा आकडा वेगळा लिहावा लागतो.