बॉम्बे ब्लड ग्रुप

बॉम्बे ब्लड ग्रुप हा माणसाच्या रक्ताचा एक फार दुर्मीळ गट. १९५२ मध्ये मुंबईत सापडला म्हणून हे नाव, आणि शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं तरी हायकोर्ट आणि आयआयटीसारखं यालाही बॉम्बे चिकटून राहिलं ते राहिलंच. मेडिकलच्या भाषेत याला ओ-एच असं लिहितात (ओ मोठा आणि एच बारीक, खाली लटकवलेला) किंवा एचएच फिनोटाइप म्हणतात. हा आजार नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण रिपोर्ट हातात पडल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. या माणसाला थकवा येत नाही, रक्त कमी पडत नाही, हृदय-बिदय सगळं ठणठणीत असतं, आयुष्यभर कळतही नाही. भानगड सुरू होते ती त्याला बाहेरून रक्त द्यायची वेळ येते तेव्हा.

आधी साधा ए, बी, ओ चा हिशोब बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट मांडले (१९३० चं नोबेल त्याचंच). लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात, साखर म्हणजे चहातली नाही, त्याच जातीतले रेणू. या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर जोडली की तयार होतो एच ॲन्टीजेन (ॲन्टीजेन म्हणजे पेशीच्या अंगावरची ओळखखूण). याला भिंतीवरची खुंटी समजा. ए ग्रुपवाल्यांच्या खुंटीवर एक प्रकारची टोपी अडकवलेली असते, बीवाल्यांच्या खुंटीवर दुसऱ्या प्रकारची, एबीवाल्यांकडे दोन्ही, आणि ओवाल्यांकडे नुसत्या रिकाम्या खुंट्या. म्हणजे ओ ग्रुपच्या रक्तावर "काहीच नसतं" असं आपण शाळेत शिकलो ते अर्धवट खरं आहे, उलट एच सगळ्यात जास्त ओच्याच पेशींवर असतो. बॉम्बेवाल्यांकडे खुंटीच नसते. आईबापाकडून ए किंवा बी ची टोपी बनवायचा जीन आलेला असला तरी ती अडकवायला जागा नाही, त्यामुळे तो जीन असून नसल्यासारखा.

खुंटी ठोकायचं काम करतं एक एन्झाइम, ते बनवणारा जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, नाव एफयूटी-१. त्याच्या शेजारीच भाऊबंद एफयूटी-२ असतो, तो लाळ आणि बाकीच्या स्रावांमधला एच सांभाळतो. भारतातल्या बॉम्बेवाल्यांमध्ये नेहमी आढळणारा प्रकार असा की एफयूटी-१ मध्ये एकाच अक्षराची चूक झालेली असते, त्यामुळे एन्झाइम निकामी, आणि एफयूटी-२ तर अख्खाच्या अख्खा गायब. म्हणून त्यांच्या लाळेतही एच मिळत नाही. काही लोकांमध्ये मात्र एफयूटी-१ बिघडलेला पण एफयूटी-२ शाबूत असतो, किंवा एफयूटी-१ थोडंफार काम करत असतो, अशांना पॅरा-बॉम्बे म्हणतात आणि लॅबवाल्यांना सगळ्यात जास्त घाम हेच लोक फोडतात, कारण ना धड इकडे ना तिकडे.

आता खरा धोका कुठे ते बघा. आपल्या अंगात जो ॲन्टीजेन नाही त्याच्या विरुद्ध शरीर ॲन्टीबॉडी तयार ठेवतं, आणि त्यासाठी आधी कधी रक्त चढवलेलं असायला लागत नाही, आतड्यातल्या बॅक्टेरियांच्या अंगावर तसल्याच साखरा असतात, त्या बघून बाळ जन्मल्यावर काही महिन्यांतच हे काम सुरू होतं. ओवाल्याकडे ॲन्टी-ए आणि ॲन्टी-बी असतात. बॉम्बेवाल्याकडे हे दोन्ही, वर ॲन्टी-एच. एच तर जवळपास सगळ्या दुनियेच्या रक्तावर आहे! म्हणजे त्याला ए चालत नाही, बी चालत नाही, एबी तर नाहीच, आणि ज्याला सगळे युनिव्हर्सल डोनर म्हणून डोक्यावर घेतात तो ओ निगेटिव्ह सुद्धा चालत नाही. ओवर एच सगळ्यात जास्त, म्हणजे ओचं रक्त त्याच्यासाठी सगळ्यात वाईट म्हटलं तरी चालेल. हा ॲन्टी-एच शरीराच्या तापमानाला पूर्ण जोरात काम करतो, चढवलेल्या पेशी नसेतच फुटायला लागतात, मग थंडी वाजून ताप, कंबर-पाठ दुखणं, गडद लालसर लघवी, बीपी खाली, किडनी बंद, आणि वेळेत थांबवलं नाही तर माणूस जाऊ शकतो.

आणि गंमत (गंमत कसली) अशी की साध्या टेस्टमध्ये हा ग्रुप ओ म्हणूनच दिसतो. शिबिरात बोटाला सुई टोचून स्लाइडवर तीन थेंब घेतात ते आठवा, एकात निळं औषध म्हणजे ॲन्टी-ए, दुसऱ्यात पिवळं म्हणजे ॲन्टी-बी, तिसऱ्यात पांढरं म्हणजे ॲन्टी-डी, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते यावरून ठरतं. निळ्यात आणि पिवळ्यात गुठळ्या झाल्या नाहीत की लिहिलं ओ. बॉम्बेच्या रक्तातही दोन्हीकडे गुठळ्या होत नाहीत, मग कार्डावर ओ पॉझिटिव्ह, तेच लायसन्सवर, तेच शाळेच्या आयकार्डावर, माणूस वर्षानुवर्षं ओ म्हणून फिरतो. ग्रुप दुर्मीळ आहे ही एक अडचण झाली, पण माझ्या मते जास्त मोठी अडचण हे चुकीचं लेबल आहे, कारण दुर्मीळ आहे हे माहीत असेल तर माणूस तयारी तरी करतो.

हे पकडायचं कसं, तर उलटी टेस्ट करून. लॅबच्या भाषेत रिव्हर्स ग्रुपिंग. माणसाच्या पेशी बाजूला ठेवून त्याचा सीरम (रक्तातलं पेशी काढून उरलेलं पाणी, ॲन्टीबॉडी यातच असतात) घ्यायचा आणि तो ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी अशा तिघांशी लावून बघायचा. खऱ्या ओवाल्याचा सीरम ओ पेशींना हात लावणार नाही, बॉम्बेवाल्याचा सीरम त्यांच्याही गुठळ्या करणार. म्हणजे सगळा खेळ त्या तिसऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये आहे, तीच कंटाळा करून कोणी गाळली तर संपलं. संशय आला की पक्कं करायला ॲन्टी-एच लेक्टिन (एच ला चिकटणारं वनस्पतीतलं प्रोटीन) वापरतात, हे युलेक्स युरोपियस नावाच्या युरोपातल्या एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांपासून काढतात. ओच्या पेशींशी ते लगेच गुठळ्या करतं, बॉम्बेच्या पेशींशी ढिम्म. ग्रुपिंगमध्ये सुटलं तरी क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतल्या पेशी पेशंटच्या सीरमशी आधी जुळवून बघणं, हा शेवटचा चौकीदार असतो, ब्लड बँकेत एकामागून एक ओच्या पिशव्या मॅच होईनात असं झालं की जुना टेक्निशियन लगेच कान टवकारतो. पण ॲक्सिडेंटची केस आली, वेळ नाही, क्रॉसमॅच न करता ओची पिशवी लावली तर चौकीदारच रजेवर.

शोधाची गोष्टही अशीच क्रॉसमॅचच्या अडवणुकीतून सुरू झाली. मुंबईत दोन पेशंट, एक रेल्वेचा कामगार आणि एक चाकू लागलेला माणूस, असं नेहमी सांगितलं जातं, दोघांचं एकमेकांशी नातं नाही आणि दोघांच्याही रक्ताचं कुठल्याच रक्ताशी जमेना. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी हे लावून धरलं, नमुने लंडनला रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस या रक्तगटातल्या मोठ्या माणसांकडे गेले, मॉर्गन आणि वॉटकिन्स या बायोकेमिस्ट जोडीनेही त्यावर काम केलं, आणि १९५२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये सगळ्यांच्या नावाने छोटासा पेपर आला, जेमतेम दोन पानांचा. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेली, डीएनएची रचना अजून एक वर्ष लांब, अशा काळात नुसत्या टेस्ट ट्यूब आणि सीरमच्या जोरावर हे शोधलं हे मला तरी फार भारी वाटतं. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबात बी दडपला गेल्याची केस छापली आणि मग हे दोन जीनच्या आपसातल्या कुरघोडीचं प्रकरण आहे हे जास्त स्पष्ट झालं. जेनेटिक्सच्या पुस्तकांत एपिस्टॅसिस (एका जीनने दुसऱ्याला झाकून टाकणं) शिकवताना आजही हेच उदाहरण देतात. मुंबईत १९५७ मध्ये ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, तेच पुढे वाढून आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी झाली, परळला केईएमच्या आवारात. अडलेलं ग्रुपिंग सोडवायला नमुने आजही तिकडे जातात.

किती लोकांमध्ये असतो? भारतात साधारण १०,००० मागे १, खास मुंबईत भाटिया आणि सहकाऱ्यांनी काढलेला आकडा ७,६०० मागे १, आणि युरोपात १० लाखांत १ वगैरे. मुंबईचा आकडा २०११ च्या जनगणनेला लावला (१ कोटी २४ लाख) तर एकट्या शहरात सोळाशेच्या आसपास बॉम्बेवाले निघतात, म्हणजे माणसं आहेत, सापडलेली नाहीत. त्यातून आरएच निगेटिव्ह असेल तर विचारूच नका, भारतात निगेटिव्ह साधारण ५ टक्के धरले तर बॉम्बे निगेटिव्ह दोन लाखांत एखादा.

हा गट होण्यासाठी बिघडलेला जीन आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, त्याचा ग्रुप नेहमीसारखाच ए, बी, ओ काहीही. १०,००० मागे १ या हिशोबाने बघितलं तर दर ५० माणसांमागे एक वाहक असतो, म्हणजे लोकलच्या एका डब्यात दोन-चार सहज उभे असतील आणि कोणालाच पत्ता नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला २५ टक्के शक्यता. नात्यात लग्न असेल तर ही शक्यता वाढते, मामाच्या मुलीशी लग्न केलं तर त्या जोडप्याच्या मुलांना हा गट मिळायची शक्यता वरच्याच हिशोबाने साधारण सातपट होते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि दक्षिणेकडे अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली, त्यामुळे हा गट या पट्ट्यात जास्त दिसतो यात नवल नाही. हिंदी महासागरातल्या फ्रेंच रियुनियन बेटावरही एच नसलेले लोक सापडले, तिकडे एकोणिसाव्या शतकात भारतातून मजूर गेले होते, त्या भारतीय वंशाच्या लोकांमध्ये आपला अस्सल बॉम्बे आणि गोऱ्यांमध्ये एच अगदी थोडा असलेला वेगळा प्रकार, असे दोन्ही एकाच बेटावर.

याच्यावरून घरात भांडणं पण होऊ शकतात. बापाच्या रिपोर्टवर ओ, आई ए, आणि मूल एबी. पुस्तकी नियमाने हे अशक्य, लगेच संशयाची सुई आईकडे. प्रत्यक्षात बाप बॉम्बे असतो, त्याच्याकडे बी चा जीन लपून बसलेला असतो, आईकडून मुलाला चांगला एफयूटी-१ मिळतो, खुंटी परत येते आणि बापाच्या बाजूची टोपी मुलाच्या डोक्यावर दिसते. त्यामुळे नुसत्या रक्तगटावरून कोणी बापपण ठरवत असेल तर त्याला थांबवा.

नावाचाही एक घोळ आहे. पेपरात आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये "एचएच ग्रुपचं रक्त हवंय" असं लिहितात आणि दोन्ही एच कॅपिटल टाकतात. जेनेटिक्समध्ये दोन्ही कॅपिटल म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नेहमीचा माणूस! बॉम्बे म्हणजे दोन्ही बारीक एच. मेसेज पोचतो हे महत्त्वाचं, तरी बघितलं की हात शिवशिवतात.

बॉम्बेवाल्याला लाल पेशी फक्त बॉम्बेवाल्याच्याच चालतात. त्याच्या पेशी मात्र तत्त्वतः कोणालाही चालतील कारण त्यांच्यावर ना ए ना बी ना एच, पण असलं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे सोनं भंगारात घालण्यासारखं. प्लाझ्माचं उलटं, त्यात तिन्ही ॲन्टीबॉडी असल्याने तो इतरांना देत नाहीत. गरोदर बाईचा ग्रुप बॉम्बे असेल तर बाळाला सहसा त्रास होत नाही कारण ॲन्टी-एच मुख्यतः मोठ्या आकाराच्या आयजीएम जातीचा असतो, तो वारेतून पलीकडे जात नाही. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईचं काय, हा प्रश्न राहतोच, म्हणून आधीपासून लोहाच्या गोळ्या, हिमोग्लोबिनवर लक्ष, डोनर शोधून ठेवणं हे सगळं करतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनला आधी स्वतःचंच रक्त काढून ठेवता येतं. सख्ख्या भावंडांची टेस्ट तर पहिल्याच दिवशी करून घ्यायची, चारात एक शक्यता म्हणजे दहा हजारात एकच्या मानाने लॉटरीच.

रक्तदानाचं मात्र या लोकांबाबत उलटं गणित आहे. गणपतीत किंवा कॉलेजच्या शिबिरात उत्साहाने पिशवी दिली तर ती लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसांत एक्स्पायर होते आणि तोपर्यंत तिला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांच्या खाली गोठवलं तर १० वर्षं टिकतं पण ती सोय मोजक्या ठिकाणीच असते. आणि पुरुषाला ९० दिवस, बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही, म्हणजे नेमका पेशंट आला तेव्हा डोनर बाद. त्यामुळे बॉम्बेवाल्यांची यादी ठेवणाऱ्या संस्था आणि ब्लड बँका त्यांना सांगतात की शिबिरात देऊ नका, हिमोग्लोबिन चांगलं ठेवा, फोन नंबर बदलला तर कळवा, आणि फोन आला की निघा.