मोटस्थळाच्या आधी

जुन्या महसुली कागदांत बागायत जमीन दोन तऱ्हेची: पाटस्थळ आणि मोटस्थळ. पाटाचे पाणी उताराने आपसूक येते, मोटेचे, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पिशवीचे, विहिरीतून ओढून काढावे लागते. पाणी शेतात कसे पोचले हे बघून शेतसारा ठरवायचा, ही रीत मात्र फार जुनी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उदकभाग’, म्हणजे पाण्यावरचा राजाचा वाटा, सांगितला आहे. हाताने उपसलेल्या पाण्यावर उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, खांद्यावरून आणलेल्या पाण्यावर चौथा (हा खांदा बैलाचा, असाही अर्थ लावतात) आणि ‘स्रोतोयंत्रा’ने (प्रवाहातल्या यंत्राने) खेळवलेल्या पाण्यावर तिसरा. घाम जितका कमी, तितका राजाचा वाटा जास्त. मला हा हिशेब न्यायाचा वाटतो.

साधने त्याआधीही होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 101व्या सूक्तात विहिरीवरचे दगडी चाक (अश्मचक्र) आणि चामड्याची वादी (वरत्रा) येते. चुल्लवग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातला प्रसंग तर डोळ्यांसमोर उभा राहतो: भिक्खू कमरेचा पट्टा सोडून त्यानेच पाणी शेंदत. मग त्यांना दोराची परवानगी मिळाली. दोराने हात दुखू लागले, तेव्हा तुला, करकटक आणि चक्कवट्टक या तीन साधनांची. तुला म्हणजे एका टोकाला वजन देऊन झुकवायची लाट.

रहाट हा शब्द ‘अरघट्ट’वरून आला, आणि अमरकोशात ‘घटीयंत्र’ आहे. पण नाव जुने म्हणून यंत्रही तेच, असे धरता येत नाही. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले की आरंभीच्या रहाटाला दातेरी चाके असल्याचा पुरावा नाही. बैल गोल फिरवून खोल विहिरीतून गाडग्यांची माळ ओढणारा रहाट मध्ययुगात पसरला. सोळाव्या शतकात बाबराने लाहोर-दीपालपूरकडे तो पाहिला.

आग्र्याकडची चामडी मोट मात्र बाबराला गलिच्छ वाटली. बैलाच्या वाटेवरून शेणामुतात लोळलेला दोर पुन्हा विहिरीत उतरे, आणि मोट रिकामी करायला वेगळा माणूस लागे. आपल्याकडच्या सोंडेच्या मोटेने तो दुसरा माणूस वाचवला. मोटेच्या तोंडाला नाडा नावाचा दोर, खालच्या चामडी नळीला म्हणजे सोंडेला सोंदूर नावाचा दुसरा दोर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत्या वाटेवरून, उतरत जातात तशी मोट वर येते, सोंड तोंडाच्या उंचीला दुमडलेली असते म्हणून थेंब सांडत नाही. काठाशी आल्यावर नाडा तोंडाला वरच्या चाकाकडे नेतो, सोंदूर सोंडेला खालच्या रुळावरून थारोळ्यात (काठावरच्या कुंडात) ओढतो, आणि मोट आपली आपण रिती होते.