नायट्याच्या तपासणीला मलम लावून येऊ नका

"रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग खाज का थांबत नाही?" पावसाळा सुरू झाला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, पेशंट सकाळी आंघोळ करून, ट्यूब लावूनच आलेले होते.

नायटा हा कातडीवरच्या बुरशीचा आजार. त्याच्या तपासणीत आम्ही चट्ट्याच्या कडेची सालपटं खरवडून काचपट्टीवर घेतो, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो. कातडीच्या पेशी त्यात विरघळतात, बुरशीचे धागे टिकतात आणि मायक्रोस्कोपखाली दिसतात. अंगाला तेल, पावडर, मलम असेल तर काचेवर त्याचेच थेंब आणि कण दिसतात. बुरशीचं मलम चालू असेल तर वरच्या सालपटांत बुरशी सापडत नाही, केसांच्या मुळाशी मात्र ती असू शकते.

म्हणून लावायचं औषध डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवा. गोळ्या मनाने बंद करू नका, फक्त नाव सांगा. नखाची तपासणी असेल तर नेलपॉलिश काढून या, नख कापून येऊ नका.

चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. लाली जाते, खाज बसते, बुरशी मात्र पसरत राहते. गोल कडा पुसली गेली की डॉक्टरांनाही तो एक्झिमा वाटू शकतो. वापरलेली ट्यूब सोबत आणा, कुणी रागावणार नाही.

कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून पाहायला, चार आठवडे लागतात, कारण ही बुरशी सावकाश वाढते. आठवड्यात "वाढ नाही" लिहून देणं आम्हाला पटत नाही. 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालेली बुरशी भारतात खूप आढळते आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. नेमकी तीच आहे का, हे जनुकीय तपासणीत ठरतं. ती आमच्याकडे होत नाही, पण कल्चरमध्ये वाढलेली बुरशी पुढे पाठवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये ज्या 19 बुरशींवर संशोधन वाढवा म्हणून यादी काढली, तिचा भर शरीरात खोल शिरणाऱ्या बुरशींवर आहे. नायट्याची बुरशी तीत नाही. हजारो घरांची झोप उडवणाऱ्या आजाराकडे इतकं कमी लक्ष जावं, याचं आम्हाला वाईट वाटतं.

मलम लावलेलं दिसलं तर आम्ही नमुना घेत नाही, पैसेही घेत नाही. लांबून येणार असाल तर आधी फोन करा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत आणा, एका टॉवेलवरून बुरशी सगळ्यांकडे फिरत राहते.