जाड पत्र्याची जुनी गाडी जास्त सुरक्षित?

नवी स्पोर्ट्स कूपे घ्यावी की जुनी क्लासिक, असा विषय निघाला की कुणीतरी बॉनेटवर टकटक करून म्हणतंच, "हे बघा, लोखंड! नव्या गाड्या म्हणजे नुसते डबे." वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

2009 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. दोन्हींचा वेग ताशी 64 किलोमीटर. बेल एअरची केबिनच दबली आणि स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या डमीच्या (चाचणीच्या पुतळ्याच्या) अंगावर आलं. मालिबूच्या नाकाचा पार चेंदामेंदा झाला, केबिन मात्र शाबूत. आतला चालक बहुधा पायाच्या दुखापतीवर निभावला असता.

ते चेपलेलं नाकच तर काम करत होतं! पुढचा भाग ठरल्याप्रमाणे दुमडतो, धक्क्याची ऊर्जा खातो आणि थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. माणसं बसतात तो पिंजरा मात्र अतिशय कणखर पोलादाचा असतो. पत्र्याच्या जाडीचा इथे फारसा संबंध नाही.

म्हणून क्लासिक घेऊच नये असं नाही. चालवण्यातली मजा वेगळीच, मलाही तीच भुरळ घालते. फक्त घेण्याआधी एक लोहचुंबक कापडात गुंडाळून दारांखालच्या पट्ट्यांवरून फिरवा. पोलादी बॉडीवर तो जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली बहुधा लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते आणि तिच्याखाली गंज.