बीएसडी आणि परमिसिव्ह लायसन्स

परमिसिव्ह लायसन्स म्हणजे सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) कुणीही घ्या, बदला, विका, आणि बदललेला कोड परत सगळ्यांना दाखवायची सक्ती नाही, असं सांगणारं लायसन्स. बीएसडी, एमआयटी, आयएससी आणि अपाचे २.० ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. जीपीएल या दुसऱ्या प्रकारच्या लायसन्सचं तसं नसतं, तिथे तुम्ही बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात की त्याचा सोर्सही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो.

बरेच जण समजतात की परमिसिव्ह म्हणजे कॉपीराइटच सोडला. तसं अजिबात नाही. कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि त्याच्या जोरावरच तो परवानगी देतो. बीएसडीची मुख्य अट एवढीच की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढायचा नाही, नुसती बायनरी (थेट चालणारी फाइल) देत असाल तरी सोबतच्या कागदपत्रांत तो हवा. कोड जसा आहे तसा दिलाय, काही बिघडलं तर लिहिणारा जबाबदार नाही, हेही त्यात असतं. तीन कलमांच्या आवृत्तीत आमचं नाव वापरून तुमच्या मालाची भलामण करू नका हे वरून येतं.

हे सगळं सुरू झालं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिथे सोर्ससकट आली होती, तिथल्या बिल जॉय यांनी आपल्या सुधारणा गोळा करून १९७८ मध्ये पहिली टेप वाटली, तीच बीएसडी, म्हणजे बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन, आणि १९८३ च्या ४.२बीएसडीमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर बोलायची पद्धत, आलं. अडचण अशी की आत एटी अँड टीचा कोड असल्याने घेणाऱ्याला त्यांचंही सोर्स लायसन्स लागायचं आणि त्याची किंमत वाढतच चालली होती. मग बर्कलीने स्वतः लिहिलेला नेटवर्किंगचा भाग वेगळा काढून जून १९८९ मध्ये नेटवर्किंग रिलीज १ दिलं, टेपचे १००० डॉलर घ्यायचे पण एकदा टेप कुणाकडे आली की बाकीच्यांनी त्याच्याकडून फुकट उतरवून घ्यायला पूर्ण मोकळीक.

पुढचं काम मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटतं. बर्कलीचे कीथ बॉस्टिक यांनी लोकांना आवाहन केलं की युनिक्सची छोटी छोटी टूल्स नव्याने लिहून द्या, मोबदला काय तर यादीत नाव, आणि लोकांनी खरंच दिली! मग कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, फाइलन् फाइल तपासून एटी अँड टीचा कोड काढत गेले, शेवटी फक्त सहा फाइल्स उरल्या, आणि जून १९९१ मध्ये नेटवर्किंग रिलीज २ आलं. त्या सहा फाइल्सची जागा भरून जोलिट्झ दांपत्याने पीसीवर चालणारं ३८६बीएसडी बनवलं, त्यातूनच १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले.

तेवढ्यात १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बर्कलीच्या या कोडवरून खटला घातला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा १८,००० पैकी फक्त तीन फाइल्स काढाव्या लागल्या, आणि काही फाइल्समध्ये किरकोळ बदल. पण मधली दोन वर्षं बीएसडीवर टांगती तलवार होती आणि नेमकं तेव्हाच लिनक्स पुढे निघून गेलं. ३८६बीएसडी आधीच मिळालं असतं तर लिनक्स बहुतेक झालंच नसतं, असं ते लिहिणारे खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी सांगितलंय.

मूळ बीएसडी लायसन्समध्ये एक त्रासदायक कलम होतं, जाहिरातीत या कोडमधल्या गोष्टींचा उल्लेख केला तर विद्यापीठाचं नाव छापा. मग बाकीच्यांनी त्यात आपापली नावं घातली, आणि १९९७ च्या नेटबीएसडीत जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन यांना अशी ७५ वाक्यं सापडली. विद्यापीठाने २२ जुलै १९९९ ला हे कलम काढून टाकलं.

आज हा कोड कुठे कुठे आहे हे वापरणाऱ्याला कळतही नाही. ॲपलच्या मॅक आणि आयफोनखालच्या डार्विनमध्ये बीएसडीचा मोठा भाग आहे, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम फ्रीबीएसडीवर उभी आहे, अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत बीएसडीचा कोड आहे. यावर आक्षेप असा की कंपन्या घेतात आणि परत देत नाहीत, आणि तो खोटा नाही. पण आपले बदल वेगळे ठेवले की मूळ प्रोजेक्टच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत ते पुन्हा बसवत बसावं लागतं, त्यामुळे सक्ती नसतानाही पुष्कळ जण देतात. व्हिडिओच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी चालवणारं नेटफ्लिक्स बरंच काम मूळ प्रोजेक्टला परत पाठवतं.

कोड एकत्र करताना मात्र दिशा बघायची. बीएसडीचा कोड जीपीएल प्रोजेक्टमध्ये जातो, उलटं केलं की अख्ख्या प्रोग्रामला जीपीएल लागतं. अपाचे २.० मध्ये पेटंटचीही परवानगी असते, तिचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जमतो, दुसऱ्या आवृत्तीशी नाही असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. ओपनबीएसडी या आणखी एका बीएसडी सिस्टीमच्या धोरणात तर अपाचे २.० बसत नाही, नव्या कोडला तिथे आयएससी लावतात, जे दोन कलमांच्या बीएसडीसारखंच आहे, फक्त कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे गरज न उरलेले शब्द गाळलेलं.